पाट नेऊन द्या, गणपती घेऊन या (डोंबिवलीतली गणपतीची शाळा)

सलग तिसऱ्या वर्षी इथूनच मूर्ती घेतली म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. दुकान कसलं, जुन्या चाळीतल्या दोन खोल्या आहेत, काका मूळचे कुडाळकडचे आणि ते याला अजूनही गणपतीची शाळाच म्हणतात. नागपंचमीच्या आसपास आपला पाट नेऊन द्यायचा, मागे खडूने नाव आणि उंची लिहायची, झालं बुकिंग. मूर्ती त्याच पाटावर बसवून मिळते त्यामुळे खोका नाही, थर्माकोल नाही, वरून नुसता रुमाल टाकायचा. आमचे आजोबा पण गावी हेच करायचे, तेव्हा त्याला कोणी इको फ्रेंडली वगैरे म्हणत नव्हतं.

मूर्ती अस्सल शाडूची. २०२० ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींना मनाई केली, तेव्हापासून बोर्ड शाडूचा आणि माल पीओपीचा असे स्टॉल बघितलेत, मी स्वतः एका वर्षी फसलोय. चार दिवस टबात बाप्पा जसेच्या तसे, बायको रोज सकाळी येऊन बघायची आणि काही न बोलता जायची, ते जास्त लागायचं. इथली मूर्ती उचलली की वजनावरूनच कळतं. दीड दिवसाचा आमचा, संध्याकाळी बादलीत ठेवला आणि सकाळी तळाशी नुसता मऊ गाळ.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तो गाळ काका परत घेतात, फडक्यात गाळून वाळवून न्यायचा, ते तो भिजवून पुढच्या वर्षीच्या मूर्तीला वापरतात. शाडू बराचसा गुजरातेतून येतो, आपल्या खाडीतली माती नव्हे ती, त्यामुळे शाडू आहे म्हणून बिनधास्त पाण्यात सोडला तरी तिथे गाळच साचणार. कुंडीत पण ओतू नका, मी पहिल्या वर्षी ओतला तर माती अशी घट्ट बसली की पाणी वरच राहायचं, जास्वंद गेली.

आता तक्रारी. मुकुटाला सोनेरी ऑइलपेंट लावतात, त्याचा तवंग बादलीत वर आला. साधा पिवळा द्या म्हटलं तर काका म्हणाले "गिऱ्हाईक घेत नाय ओ", पण आधी सांगितलं तर देतात, यंदा दिला. पीओपीपेक्षा महाग पडते, एक फुटाच्या वर ते करतच नाहीत, आणि मूर्ती नाजूक. रिक्षात एका खड्ड्यात हाताचं बोट गेलं, परत नेली तर काकांनी ओली माती लावून दहा मिनिटांत नवीन केलं, पैसे नाही घेतले.

डोळ्यांची आखणी शक्यतो संध्याकाळी करतात, तेव्हा फोन करू नका, उचलत नाहीत. ५ पैकी साडेचार. पाट कोरडा करून न्या, ओला असला तर परत पाठवतात.