भंगारातला बाक आणि मोर, एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीत घेतलेला बाक, मोर आणि तीन कुंडी स्टँड, सगळं जुन्या लोखंडातलं, हाताने बनवलेलं. अनुभव मुद्दाम आत्ता लिहितेय. घ्यायच्या आधी मी जेवढं वाचलं ते सगळं "आज आलं, मस्त आहे" छापाचं होतं, पावसाबद्दल चकार शब्द नाही. आमचं घर रत्नागिरीत, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि समुद्र जवळच, म्हणजे हवेतच मीठ.

हे डोक्यात भरलं दिल्लीत. २०१९ साली सुरू झालेलं तिथलं वेस्ट टू वंडर पार्क बघितलं, जगातली सात आश्चर्यं भंगारातून उभी केलीयत, ताजमहालसुद्धा. तेव्हा सुचलं नाही की दिल्लीची हवा वेगळी आणि आपली वेगळी.

बाक ११,५००, मोर ६,८००, स्टँड ९०० ला एक, कोल्हापूरहून टेम्पोभाडं वेगळं. बाकाला बसायला ट्रकचे जुने कमानपाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या वाकड्या पोलादी पट्ट्या) आणि खाली चौकोनी पाइपाची फ्रेम. वजन एवढं की दोघांनी उचलूनही सरकवावा लागला. बसायला फार छान, पाट्याची कमान पाठीला बरोब्बर लागते, फक्त मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या आत बसू नका, चटका बसतो.

आता मुख्य गोष्ट. जुलैच्या शेवटी बाकाच्या मागच्या डाव्या पायाखाली शहाबादी फरशीवर तांबडा डाग दिसला. पुसला, दुसऱ्या दिवशी परत. रंग बाहेरून अगदी शाबूत, एक पोपडा सुटलेला नाही, मग गंज येतोय कुठून? फोटो पाठवले तर बनवणारे दादा म्हणाले, "ताई, लोखंड हाय, पावसात गंजणारच की." माझं डोकंच फिरलं. साडेअकरा हजार मोजून हे ऐकायचं? मी म्हटलं तुम्ही वेल्डिंगवरचा स्लॅग, म्हणजे वर जमणारी खपली, न काढता रंग मारलाय, ते म्हणाले आधी रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक अस्तर, आणि वर दोन हात ऑइल पेंट आहे, या आणि खरवडून बघा. आठ दिवस हेच चाललं आणि त्या रागात मी इथे लिहिलं असतं तर एक स्टार देऊन मोकळी झाले असते.

मग शेजारचे प्लंबरकाका आले, त्यांनी पान्याने पायावर टकटक केलं. पुढच्या पायाचा आवाज खणखणीत आणि मागच्याचा बद्द. म्हणाले आत पाणी आहे. खालून ५ एमएमचं भोक पाडलं तर चहाच्या रंगाचं जवळजवळ अर्धा लिटर पाणी आलं! एका पायातून!

झालं असं, की कमानपाट्याचं पोलाद कडक असतं, त्यात कार्बन जास्त, साधं वेल्डिंग केलं तर जोडाच्या बाजूला चीर जायची भीती. म्हणून दादांनी पाटे नट-बोल्टने बसवले, ते एकदम बरोबर केलं आणि त्याचे पूर्ण मार्क माझ्याकडून. पण बोल्टाची भोकं पाइपात वरून पडली, पाय खालून वेल्डिंगने बंद, म्हणजे पाणी आत जायला वाट आहे आणि बाहेर यायला नाही. वेल्डिंगच्या एखाद्या सुईएवढ्या छिद्रातून जे झिरपलं तोच डाग. पाइपाच्या आत रंग नसतोच, त्यामुळे बाहेरून कितीही हात मारा, लोखंड आतून खात राहणार. एका भोकाचं काम, दोन मिनिटं, फुकट!

हे सांगितल्यावर दादा गप्प झाले. पुढच्या रविवारी स्वतः आंबा घाट उतरून आले, चारही पायांना भोकं पाडली, बोल्टाखाली रबरी वॉशर टाकले, एक रुपया घेतला नाही. तिथे माझा राग गेला. डाग मात्र गेला नाही. त्यावर लिंबू घासू नका, शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट लागलं की झिजतो, आमच्याकडे आता तांबड्याच्या जागी पांढरा पट्टा झालाय.

मोराबद्दल मला सगळ्यात जास्त भीती होती, कारण त्याला रंगच नाही. अंगाला बाइकची चेन, पिसाऱ्याला नट-बोल्टचे जुने पाने, डोळ्याला बेअरिंगची गोळी. गरम करून जवसाचं तेल चोळलेलं आहे एवढंच. आणि तोच सगळ्यात चांगला राहिला! काळपट तपकिरी झालाय, फार सुंदर दिसतो. प्रत्येक तुकडा उघडा, पाणी थांबायला कुठे जागाच नाही. दर तीन महिन्यांनी जवसाचा हात फिरवते, साठ-सत्तर रुपयांच्या तेलात वर्ष निघतं.

स्टँडवर वरवरचा गंज आला, तिथे हिरड्याची पूड उकळून ते पाणी लावलं, रात्रीत काळंभोर झालं. हिरड्यातलं टॅनिन गंजाबरोबर काळा थर धरतं. वर क्लिअर लॅकर मारलं, अजून टिकलंय.

गेटजवळ एक छोटा बाक अजून सांगितलाय, त्याच दादांना. पायाला खालून पाडलेल्या भोकाचा फोटो आधी, रंग नंतर, आणि ॲडव्हान्स फोटो आल्यावर. काल फोटो आला, चारही पायांचा. आज पैसे पाठवले.