वारंवार गर्भपात: आधी अस्तराची तपासणी की ‘इम्युनिटी’ची सलाईनं?

दोन-तीनदा गर्भ पडला की घाटंजी, पांढरकवड्याकडची जोडपी नागपूर गाठतात. तिथे दोन वाटा पुढे येतात. गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून जुनी सूज आहे का ते बघायचं, नाहीतर रक्तातल्या एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजून ‘इम्युनिटी’ची सलाईनं लावायची. पैसे एकाच वाटेपुरते असतील तर मी अस्तराच्या बाजूने.

त्याआधी थायरॉईड, साखर, पिशवीचा आकार आणि आपल्या भागात सिकलसेल एवढं तपासून झालेलं असावं. अँटिफॉस्फोलिपिडची, म्हणजे रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीजची, चाचणी तर हवीच, आणि ती १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा. ती दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधं हा ठरलेला उपचार आहे. मग सलाईनचा प्रश्नच मागे पडतो.

आता अस्तर. सोनोग्राफीच्या कागदावर ‘बल्की युटेरस’ लिहून आलं की घरात ‘पिशवीला सूज’ म्हणतात, पण ही सूज ती नव्हे. पुष्कळदा काहीच दुखत नाही. बारीक नळीने तुकडा काढून, त्याला सीडी १३८ चा रंग देऊन प्लाझ्मा पेशी, म्हणजे जुन्या सुजेची खूण असलेल्या पांढऱ्या पेशी, शोधतात. किती पेशी म्हणजे सूज, यावर लॅबांचं एकमत नाही, हा या वाटेचा कच्चा दुवा. तुकडा काढतानाच दोन बाटल्या मागा: एक फॉर्मलिनची, दुसरी साध्या सलाईनची. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. आणि पिशवीचा टीबी आपल्याकडे विसरून चालत नाही.

सूज निघाली तर सहसा डॉक्सिसायक्लिन हे जंतू मारणारं औषध, रोज दोन गोळ्या, १४ दिवस. औषध स्वस्त आहे. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही. उन्हाने कातडी भाजते, म्हणून कापूस वेचायला जाणारीने हे दिवस सांभाळावेत. या काळात दिवस राहू देऊ नयेत. सूज गेलेल्या बायकांमध्ये पुढची गरोदरपणं जास्त टिकल्याचं अभ्यासांत दिसलंय, तरी भक्कम तुलनात्मक चाचण्यांचा पुरावा अजून तोकडाच आहे. पण पुन्हा तुकडा तपासून सूज गेली की नाही हे कळतं, माझ्या लेखी हीच मोठी गोष्ट.

दुसऱ्या वाटेवर ही सोयच नाही. रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या, पिशवीतल्या वेगळ्या. पिशवीतल्या तर गर्भाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या घडवायला मदत करतात, त्यांना शत्रू ठरवणंच चूक. शिवाय सुजलेलं अस्तर स्वतःच रासायनिक निरोप पाठवून पांढऱ्या पेशी गोळा करतं. जंतू तसेच ठेवून नुसता निरोप दाबायचा कशाला? इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेलाचं दुधासारखं सलाईन, त्याने गर्भ टिकतो असा पुरेसा पुरावा नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याला तर साफ नकार द्या. १९९९ मधल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, आणि युरोपातल्या ‘एश्रे’ या तज्ज्ञसंस्थेची शिफारसही त्याच्या विरोधात आहे.

तुकडा यवतमाळलाही काढता येतो. सीडी १३८ ची सोय तिथे नसेल तर मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, मागून घ्या. तो नागपूर किंवा सेवाग्रामला घेऊन घरातलं कोणीही जाऊ शकतं, बाईने एसटीत हेलपाटे घालायची गरज नाही. पॅथॉलॉजीचा कागद तेवढा सोबत द्या.