सोलापूरची जेकार्ड चादर : दोन वर्षांच्या वापरानंतर

दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमाग कारखान्याला लागून असलेल्या एका लहान दुकानातून मी दोन जेकार्ड चादरी, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरी, घेतल्या. त्या रोज अंगावर घेतल्यावर आणि कित्येकदा धुतल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

दुकानदारांनी आग्रहाने आत नेऊन माग दाखवला. मागाच्या माथ्यावर दोरीने ओवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत होती. पट्टीला जिथे भोक असते तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेले उभे धागे वर उचलले जातात. भोक नसेल तिथे ते खालीच राहतात, आणि मधल्या फटीतून धोटा आडवे सूत घेऊन जातो. प्रत्येक आडव्या धाग्याला एक पट्टी, म्हणजे चादरीवरच्या एका मोराच्या नक्षीसाठी शेकडो पट्ट्या लागतात. फ्रान्समधील लियाँच्या जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही रचना. तिच्यातील भोकांची कार्डे इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. संगणकाच्या पूर्वजाला असे चालू कामावर पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

याच गावात १८७० च्या दशकात वाफेवर चालणारी कापड गिरणी, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली, उभी राहिली. गिरणीला बॉयलर, धुराडे आणि मोठे भांडवल लागे, आणि कामगाराचा दिवस भोंग्यावर चाले. विजेची मोटार आल्यावर तेच काम घरामागच्या शेडमध्ये चार मागांवर होऊ लागले. माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने हा बदल वाफेपेक्षाही मोठा होता, कारण त्याने विणकराच्या घरालाच कारखाना केले.

शेजारच्या शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहे. तिथे पट्ट्या नाहीत. नक्षी संगणकावर तयार होते आणि थेट मागाला जाते. माझी दुसरी चादर तिथली आहे. तिच्या वेलबुट्टीची वळणे अधिक नाजूक आहेत, परंतु ऊब पहिलीलाच जास्त आहे. त्याचे कारण मागात नसून जाड सुतात आहे, हे दुकानदारांनी प्रामाणिकपणे सांगितले.

उणिवाही आहेत. पहिल्या धुण्यात तांबड्या चादरीचा रंग बराच गेला, त्यामुळे ती वेगळी आणि थंड पाण्यात धुवावी. ओली झाल्यावर ती फार जड होते आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. मागांचा आवाज इतका होता, की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते, आणि तिथे काम करणाऱ्यांच्या कानांवर कोणतेही संरक्षण नव्हते. ही गोष्ट मला मनापासून खटकली.

या चादरीला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क) असले, तरी सोलापुरी नावाने पातळ, मिश्र धाग्याचा मालही सर्रास विकला जातो. घेताना चादर उलटून पाहावी : माझ्या दोन्ही चादरींवर तोच मोर मागेही तितकाच स्वच्छ दिसतो, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते.