जुन्या कॉम्प्युटरवरचे न संपणारे अपडेट एरर: आधी विंडोज १०, मग लिनक्स मिंट

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावात वाचनालय आहे आणि त्यात एक डेस्कटॉप. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, म्हणजे २०१३ च्या आसपासचं यंत्र. पुस्तकांची नोंद, सभासदांची वर्गणी, शाळेच्या मुलांचे प्रकल्प, कुणाचा सरकारी फॉर्म, सगळं याच्यावर होतं. शाळा सुटली की मी तिथे जातो आणि कॉम्प्युटरचं काय दुखतंखुपतं ते बघतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. त्याचा अनुभव लिहायचा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं वाटतं ते अपडेटबद्दल. दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम वापरल्या, दोन्हींवर अपडेट अडकलं, एररची भाषा वेगळी होती आणि मुळाशी कारणं तीच निघाली. ती कारणं सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

जुन्या मशीनवर अपडेट फेल झालं की माणसं थेट कमांड शोधायला लागतात. माझं मत आता पक्कं झालं आहे: आधी घड्याळ बघा, मग वीज, मग रॅम आणि केबल. कमांड त्यानंतर.

विंडोज १० असताना तीन एरर आलटून पालटून यायचे. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. डाउनलोड फोल्डरमध्ये साठलेले सिनेमे काढले, डिस्क क्लीनअप चालवलं, विषय संपला.

दुसरा ८००७२एफ८एफ. हा कोड सुरक्षित जोडणीचा. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. त्याच वेळी ब्राउझरही घड्याळ मागे असल्याचं सांगत असतो, पण ती खिडकी न वाचताच बंद केली जाते. बाजारातून बोलावलेला दुरुस्तीवाला यायचा, तारीख हाताने लावायचा, अपडेट चालू झालेलं दाखवायचा आणि पैसे घेऊन जायचा. काही दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन यायचा, "सर, परत तेच आलंय." विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवतं खरं, पण फरक बऱ्याच तासांचा झाला की घरगुती मशीनवर ते आपणहून जुळवून घेत नाही. त्यामुळे तारीख दर वेळी हातानेच लावावी लागे.

तिसरा त्रास जास्त खोल होता: ८००७३७१२ आणि ८००एफ०८१एफ. विंडोज स्वतःच्या घटक-फाइलींचा एक साठा ठेवतं. तो बिघडला किंवा त्यातली फाइल गहाळ झाली की हे कोड येतात. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर तसं होऊ शकतं आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. इथे मात्र कमांड लागतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण आधी एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवतात. पण एसएफसी दुरुस्तीच्या फाइली त्याच साठ्यातून घेतं आणि इथे साठाच बिघडलेला असतो. म्हणून आधी तो साठाच दुरुस्त करणारी डिस्मची रिस्टोअर-हेल्थ कमांड, नंतर एसएफसी. डिस्म नव्या फाइली आणतं विंडोज अपडेटमधूनच. तेच आजारी असेल तर त्याला आयएसओचा, म्हणजे अख्खं विंडोज ज्या एका फाइलीत असतं तिचा, पत्ता द्यावा लागतो.

आमच्याकडे तेवढ्याने भागलं नाही. शेवटी विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीची आयएसओ उतरवून घेतली, चालू विंडोजमध्येच उघडली आणि त्यातला सेटअप चालवून फाइली आणि प्रोग्राम राखून ठेवण्याचा पर्याय निवडला. त्या हार्ड डिस्कवर अख्खी दुपार गेली, पण साठा नव्याने तयार झाला आणि आतलं सगळं शाबूत राहिलं. हा मार्ग लोकांना फारसा माहीत नसतो. आम्हाला "फॉर्मॅट मारूया, दुसरं काय?" एवढंच ऐकायला मिळालं होतं.

फॉर्मॅटला आमचा ठाम नकार होता, त्याला कारण होतं. पुस्तकांची सगळी सूची एका जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) आधीच्या फॉन्टात होती. त्याची सीडी कुणाकडे नाही. फॉर्मॅट केलं असतं तर, फाइली जपून ठेवल्या तरी, अक्षरांच्या जागी नुसती रोमन चिन्हं उरली असती. तुमच्या वाचनालयात, देवस्थानच्या कार्यालयात किंवा शाळेत असा डेटा असेल तर अपडेटची झटापट नंतर करा, आधी तो युनिकोडमध्ये आणा. आम्ही आणला. कन्व्हर्टरमधून गेल्यावर रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसले, ऱ्हस्व वेलांट्या सरकल्या, जोडाक्षरं फुटली. उच्च माध्यमिकच्या मुलामुलींनी छापील नोंदवही शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासली. या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं काम ते आहे असं मी मानतो, कारण कॉम्प्युटर उद्या बदलेल, सूची राहणार आहे.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा तिसऱ्या पिढीचा. घरगुती वापरासाठी वर्षभराच्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या, जादा सुरक्षा अपडेटची सोय होती, पण वर्षाने पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला असता. म्हणून २४० जीबीची एसएसडी बसवली आणि तिच्यावर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असलेली बरी. आमच्याकडे बरोबर तेवढी होती.

पहिले काही महिने छान गेले. मग शिगम्याच्या सुट्टीनंतर अपडेट मॅनेजरने लाल खूण दाखवली. आत लिहिलं होतं, 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट', म्हणजे अपडेटच्या यादीची ही फाइल अजून वैध झालेली नाही. पुढे आणखी किती दिवस आणि किती तास ती वैध नसेल तेही. तो आकडा मी दोनदा वाचला. वाचनालय सुट्टीत जितके दिवस बंद होतं, जवळपास तितकाच तो होता. घड्याळ थांबलं होतं!

मिंट शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवतं आणि सुरू होताना त्याच्या मागे जात नाही, म्हणून इथे तारीख वर्षांनी मागे न जाता बंद केल्या क्षणावर थबकली होती. सकाळी मॉडेम आणि कॉम्प्युटर एकदमच चालू होतात. नेट आल्या आल्या अपडेट मॅनेजर धावला आणि वेळ जुळायच्या आत तपासणी होऊन गेली. म्हणजे विंडोजवरचा ८००७२एफ८एफ आणि हा, दोन्हींचं मूळ एक: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल. तीन व्होल्टचा, किरकोळ किमतीचा. तारीख हाताने लावणाऱ्यांपैकी कुणी तो बदलला नव्हता.

तो मेला कसा, यालाही आमच्या हवेचा हातभार आहे. मे महिन्याच्या शेवटापासून विजांचा गडगडाट सुरू होतो, मॉडेम आणि टीव्ही जळतात, म्हणून वाचनालय बंद करताना मेन स्विच पाडायचा असा नियम आहे. नियम योग्यच आहे, तो मोडा असं मी कधीच सांगणार नाही. पण भिंतीवरचा स्विच चालू असतो तेव्हा बंद कॉम्प्युटरच्या बोर्डलाही पाच व्होल्टचा थोडा पुरवठा मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. मेन पाडला की सगळा भार त्या सेलवर. आपल्याकडे असे नियम घरोघरी आहेत, त्यामुळे तो लवकर संपतो हे गृहीत धरा. सेल बदलल्यापासून तो एरर पुन्हा आलेला नाही.

विजेची गोष्टही मिंटवर तशीच परत आली. अपडेट बसत असताना लाइट गेली, यूपीएस एकदा ओरडला आणि सगळं काळं. पुढच्या वेळी 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असा निरोप. इथे मिंटचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं: टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कोणती ओळ टाकायची तेही एररमध्येच लिहिलेलं असतं. ती जशीच्या तशी टाइप केली, अर्धवट राहिलेली पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींचे गठ्ठे, बसली आणि पाच मिनिटांत मशीन मार्गाला लागलं. विंडोजवर याच दुखण्याला अख्खी दुपार गेली होती. पण खरा इलाज यूपीएसचा होता. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत, उकाड्यात त्याआधीही, ती दम सोडते आणि हिरवा दिवा मात्र जळतच राहतो. काम सेव्ह करून ठेवा, भिंतीवरचा स्विच पाडा आणि कॉम्प्युटर किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. आमचा टिकलाच नव्हता.

सर्वांत चिवट निघाला 'हॅश सम मिसमॅच'. प्रत्येक पॅकेजसोबत त्याचा एक ठसा ठरलेला असतो आणि उतरवलेल्या फाइलीचा ठसा त्याच्याशी जुळला नाही की मिंट ती बसवत नाही. सगळीकडे सल्ला एकच: मिरर, म्हणजे फाइली जिथून उतरतात तो सर्व्हर, बदला. ते केलं, सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन जवळचा दुसरा मिरर निवडला, तरी काही फरक नाही. मग ग्रंथपाल बाईंना मी सांगितलं, "एरर आला की फक्त पॅकेजचं नाव वहीत लिहून ठेवा." त्या वहीने कोडं सोडवलं. दर वेळी नाव वेगळं होतं. मिररमध्ये किंवा नेटवर्कमध्ये एखादी फाइल बिघडलेली असती तर तेच नाव पुन्हा पुन्हा आलं असतं. नाव बदलत होतं म्हणजे फाइल आमच्याकडे पोचल्यावर नासत होती.

मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर लावलं आणि लाल ओळी उमटल्या. रॅमची पट्टी काढली तर सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर. शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली, कोरड्या ब्रशने खाच साफ केली, परत घट्ट बसवली. पुढची रात्र एकही लाल ओळ नाही. ज्या हवेत पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तिथे बारा-तेरा वर्षं न हलवलेल्या रॅमचं असं होणारच. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारी हवाही जमेला धरा.

तरी कधीमधी मशीन काही सेकंद गोठायचं. मिंटच्या डिस्क्स या प्रोग्राममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, माहिती उघडली. त्यात १९९ क्रमांकाची नोंद असते, यूडीएमए सीआरसी एरर. डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेत डेटा बिघडला की ती वाढते. कोऱ्या एसएसडीवर ती वाढत होती, म्हणजे दोष डिस्कचा नाही, जुन्याच ठेवलेल्या साटा केबलचा. केबल बदलली. हा आकडा शून्यावर परत येत नाही, पुढे वाढत नाही ना एवढंच बघायचं. आमचा थांबला आहे.

सगळेच अपडेट एरर आपल्या यंत्रामुळे येतात असं नाही, हेही नोंदवतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेलं केबी ५०३४४४१ अनेकांकडे ८००७०६४३ देऊन अडकलं, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. मायक्रोसॉफ्टने ते स्वतः नोंदवलं आणि पार्टिशन वाढवायची कृतीही दिली. म्हणून सेल आणि केबल तपासून झाल्यावर त्या विशिष्ट अपडेटचा क्रमांक शोधून बघाच.

आता मिंटविषयी थोडक्यात. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून लगेच मिळतो, लिब्रेऑफिसमध्ये सूची आणि पावत्या नीट चालतात, आमचा लेझर प्रिंटर जोडल्या जोडल्या ओळखला गेला. ब्राउझरमध्ये बरेच टॅब उघडले की ४ जीबी कमी पडते. डिजिटल सहीचं डोंगल आम्हाला चालवता आलं नाही, त्या कामाला माणसं दुसरीकडे पाठवावी लागतात. सिस्टिमच्या प्रती घेऊन ठेवणारं टाइमशिफ्ट चालू ठेवा, बिघडलेलं अपडेट मागे घेता येतं, पण प्रती दोन-तीनच ठेवा, नाहीतर त्याच डिस्क भरून टाकतात आणि जागा नसल्याचा एरर नव्याने येतो. अपडेट मॅनेजरच्या सेटिंगमध्ये जुने कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याच्या मागच्या आवृत्त्या) आपोआप काढण्याचा पर्याय आहे, तोही लावून घ्या.

सूचीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर दर शनिवारी घेतली जाते. ते काम ग्रंथपाल बाईंनी स्वतःकडे घेतलं आहे आणि टर्मिनलही आता त्याच उघडतात. रॅम ८ जीबी करायचा विषय समितीपुढे ठेवला आहे. जुनी डीडीआर-थ्री पट्टी घ्याल तेव्हा बसवण्याआधी एक रात्र मेमटेस्टवर ठेवा.