'रिपेल मेटल ऑर स्टोन': ड्रुइडचा चुंबकी मंत्र घ्यावा का?

लोहचुंबकासारखा मंत्र हवा म्हणून अनेक खेळाडू घरचे नियम रचत बसतात. पण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २००३ सालच्या ३.५ आवृत्तीत तसा मंत्र आयता आहे, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. 'रिपेल मेटल ऑर स्टोन' (धातू किंवा दगड परतवणे) हा ड्रुइडचा, म्हणजे निसर्गशक्ती वापरणाऱ्या पात्राचा, आठव्या लेव्हलचा मंत्र. काटेकोरपणे पाहिले तर हे चुंबकत्व नव्हेच, कारण तो सोने, तांबे आणि चक्क दगडही ढकलतो, आणि स्वतःकडे तर काहीच ओढत नाही. तरीही चुंबकी मंत्रातून जी गंमत अपेक्षित असते, ती येथे पुरेपूर मिळते.

मंत्र टाकताच ड्रुइडपासून ६० फूट लांबीच्या सरळ रेषेत अदृश्य लाटा सुटतात आणि त्या रेषेतली धातूची व दगडाची प्रत्येक सुटी वस्तू राउंडला (सहा सेकंदांच्या फेरीला) ४० फूट या वेगाने मागे रेटली जाते; धातूचे चिलखत किंवा हत्यार असेल तर ते बाळगणाराही त्याबरोबर ओढला जातो. ५०० पौंडांहून जड सुट्या वस्तूंवर आणि ३ इंचांहून जाड, पक्क्या बसवलेल्या वस्तूंवर परिणाम होत नाही. मात्र त्याहून बारीक गज वाकतात किंवा तुटतात, आणि तुकडे लाटेबरोबर वाहत जातात. कोठडीचे दार उघडण्याचा याहून दिमाखदार मार्ग मला तरी ठाऊक नाही.

या मंत्राचे खरे बळ म्हणजे त्याला सेव्हिंग थ्रो (फासा टाकून मंत्रातून बचावण्याची संधी) नाही आणि स्पेल रेझिस्टन्सही (काही प्राण्यांची अंगभूत मंत्ररोधक शक्ती) लागू होत नाही. ड्रुइडला हा मंत्र मिळतो त्या पंधराव्या लेव्हलला (येथे लेव्हल पात्राची, मंत्राची नव्हे), जिथे निम्मे शत्रू फाशांच्या जोरावर सहीसलामत निसटतात, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्ण चिलखतातला मानवी योद्धा एका चालीत २० फूट जातो. म्हणजे दोन्ही चाली खर्चून तो जेमतेम जागच्या जागी टिकेल आणि वार करायला त्याच्या हाती काही उरणार नाही. तलवार सोडून देता येते, ढालही सोडवता येते. पण अंगावरचे पूर्ण चिलखत कुणाच्या मदतीशिवाय उतरवायला किमान दोन मिनिटे लागतात, आणि मंत्र चालतो १५ राउंड, म्हणजे दीड मिनिट. शिवाय रेषा एकदा ठरली की ती तशीच राहते, त्यामुळे ड्रुइड मोकळेपणाने दुसरा मंत्र टाकू शकतो. अरुंद बोळात याला तोड नाही.

उघड्या मैदानात मात्र सगळे डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पंचाच्या, मर्जीवर येते. शत्रू एक पाऊल बाजूला सरकून रेषेबाहेर पडू शकतो का, हे मंत्राच्या मजकुरात स्पष्ट नाही. मागे भिंत असेल तर आपटून किती इजा होते, तेही लिहिलेले नाही. इतक्या वरच्या मंत्राच्या बाबतीत ही त्रुटी मला खटकते. ड्रुइडला धातूचे चिलखत मुळात वर्ज्यच असल्याने तो स्वतः निर्धास्त असतो, पण पुढच्या फळीत उभा असलेला आपलाच चिलखतधारी फायटर (योद्धा) रेषेत सापडला तर शत्रूबरोबर तोही दूर ढकलला जातो.

किंमतही जबर आहे. पंधराव्या लेव्हलच्या ड्रुइडला आठव्या लेव्हलची जागा (दिवसात एक मंत्र तयार ठेवण्याची सोय) साधारणपणे एकच मिळते, आणि त्याच जागेवर 'अर्थक्वेक' आणि 'फिंगर ऑफ डेथ' हे मंत्र हक्क सांगून बसलेले असतात. ड्रॅगनला चिलखताची गरज नसते, त्यामुळे त्याच्यापुढे हा मंत्र कुचकामी ठरतो. एवढेच की ड्रुइडला तयार केलेला मंत्र ऐनवेळी बाजूला ठेवून त्या जागी 'समन नेचर्स अ‍ॅली' हा मदतीला प्राणी बोलावणारा मंत्र वापरता येतो, त्यामुळे अंदाज चुकला तरी जागा वाया जात नाही. या सोयीमुळेच किल्ला, तुरुंग किंवा राजवाड्याच्या मोहिमेवर निघताना मी हा मंत्र बिनदिक्कत तयार ठेवीन. फक्त बाजूला सरकण्याचा प्रश्न डीएमकडून खेळ सुरू होण्यापूर्वीच निकालात काढून घेईन.