अभिप्राय-पत्रावर चेस्ट नंबर कशासाठी?

लष्करी प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर आमच्या हाती अभिप्राय-पत्र आले. प्रश्न विचारपूर्वक काढलेले होते. पण अगदी वर चेस्ट नंबरचा, म्हणजे प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या ओळख-क्रमांकाचा, रकाना होता आणि आम्हाला गुण देणारे प्रशिक्षकच ती पत्रे गोळा करत होते. हा अनुभव लिहायला घेतला तो त्या रकान्यामुळे.

प्रश्नावली ‘सर्व्हक्वाल’ या ग्राहकसेवेचा दर्जा मोजण्याच्या पद्धतीवर बेतलेली होती. पारसुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या मापनात भौतिक सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि समानुभूती या पाच अंगांची २२ विधाने असतात, आणि अपेक्षा व प्रत्यक्ष अनुभव यांतील तफावतीवरून दर्जा ठरतो. जिथे प्रशिक्षणार्थ्याला हवे ते नव्हे, तर युद्धात लागेल ते शिकवायचे असते, तिथे त्याला ग्राहक मानणे मला प्रारंभी पटत नव्हते. पुढे मत बदलले. बॅरेक आणि वर्ग उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र फायरिंगचा दिवस ठरलेला असूनही दारूगोळा उशिरा येई, उन्हात ताटकळावे लागे आणि शेवटच्या रांगेचा सराव घाईत उरकला जाई. विश्वासार्हतेची उणीव म्हणतात ती हीच.

समानुभूतीचा अर्थ लाड नव्हे, हेही तिथेच कळले. रात्रीच्या दिशाशोधनात आमच्या तुकडीची दिशा सारखी चुकत होती. प्रशिक्षकांनी न रागावता होकायंत्र धरलेला हात नुसता पाहिला आणि रायफल लांब ठेवायला सांगितली, कारण जवळच्या पोलादाने सुई ढळते. शिस्त तसूभरही सैल न करता त्यांनी नेमकी अडचण ओळखली. त्यांना मी सातपैकी पूर्ण ७ गुण दिले.

पण नंबर लिहिल्यावर असे प्रामाणिक ७ आणि धास्तीने दिलेले ७ वेगळे कसे ओळखणार? गुणांवर पुढची नेमणूक अवलंबून असताना दारूगोळ्याच्या विलंबाबद्दल कोण लिहील? भरीस भर म्हणजे अपेक्षांचे प्रश्नही शेवटीच विचारले गेले, तोवर अपेक्षा अनुभवाच्या मापाने बदललेल्या होत्या. क्रोनिन आणि टेलर या संशोधकांनी १९९२ मध्ये अपेक्षा वगळून केवळ प्रत्यक्ष कामगिरी मोजण्याचा पर्याय मांडलेला आहेच. पण तोही नंबरच्या रकान्यापुढे निष्प्रभ ठरेल. सरावानंतरच्या आढाव्यात हुद्दा बाजूला ठेवून काय घडले आणि का घडले, हे बोलण्याची अपेक्षा लष्करच ठेवते, मग कागदावर ती मोकळीक का नसावी? अपेक्षांचा भाग पहिल्याच आठवड्यात भरून घ्यावा, नंबरचा रकाना काढून टाकावा आणि पत्रे मूल्यांकनाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने बंद पेटीत गोळा करावीत. यासाठी ना वेगळा निधी लागतो, ना नवी इमारत.