‘मडमेच्या पेटीतले’ हातमोजे घेण्याआधी माप विचारा

‘अस्सल ब्रिटिशकालीन’, ‘करडाचं कातडं’ आणि ‘फ्री साइज’ हे तिन्ही हातमोज्यांच्या एकाच जाहिरातीत दिसलं तर पैसे पाठवू नका. तिन्ही एकत्र खरं असूच शकत नाही. माझे 4,800 रुपये गेले, मालवणच्या माझ्या मावसबहिणीचे 1,600. दिवाळीपासून नाताळ आणि लग्नांपर्यंतच्या दिवसांत अशा जाहिराती वाढतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी वेंगुर्ल्यात शिवणकाम करते. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश यांवर घर चालतं, पण आमच्याकडे ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत. त्यामुळे लग्नाचे गाऊन आणि मुलींच्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉकही येतात. फ्रॉकवर घालायचे छोटे जाळीचे हातमोजे म्हापशाला किंवा मडगावला सहज मिळतात. अडचण नवरीच्या मोज्यांची. हल्ली मुलींना जुन्या पद्धतीचे हवे असतात, कोपराच्या वर जाणारे, मनगटाच्या आतल्या अंगाला चीर आणि तिला मोत्याची तीन बटणं. ती चीर नुसती शोभेची नसते. जेवायच्या वेळी बटणं काढून पंजा बाहेर काढायचा आणि मोज्याचा रिकामा पंजा मनगटाशी आत दुमडायचा, म्हणजे अख्खा मोजा उतरवावा लागत नाही. अंगठीसाठी काहीजणी करंगळीशेजारच्या बोटाची शिवण उसवूनच ठेवत. इतकं बारीक काम असलेला मोजा बाजारात हँगरला लटकलेला सापडत नाही.

मला स्वतःलाही हौस आहे, ते लपवत नाही. सुती लेसचे मनगटापर्यंतचे मोजे मी सणावाराला साडीवरसुद्धा घालते. स्कूटीवरची प्रत्येक बाई उन्हासाठी कोपरापर्यंत हातमोजे घालते तेव्हा कोणी बघत नाही, आणि मी लेसचे घातले की बाजारात दहाजणी विचारतात, “हाताक काय झाला गो?” असो.

तर ती जाहिरात. इन्स्टावरच्या एका पानावर दुधासारख्या पांढऱ्या लांब मोज्यांचा फोटो, बाजूला गंजक्या कड्यांची लोखंडी पेटी. मजकूर असा की दापोली कॅम्पातल्या एका बंगल्यात राहणाऱ्या मडमेची ही पेटी, माळ्यावर सापडली, मोजे 1930 च्या सुमाराचे, किड लेदर (म्हणजे बकरीच्या करडाचं कातडं), एकच जोडी, फ्री साइज. पान चालवणारी बाई अगदी गोड बोलायची. ‘ताई, तुमच्यासारख्या कदर करणाऱ्या हातांतच जायला हवेत’, असं लिहायची. माझ्याकडच्या नवरीला फोटो दाखवला, ती तर वेडीच झाली.

मी आतल्या शिवणीचा फोटो मागितला. उत्तर आलं की मोजे टिश्यू पेपरात बांधून ठेवलेत, सारखे उघडले तर कातडं चिरेल. माप विचारलं तर ‘सगळ्यांना बसतात’. आणि लगेच, ‘आणखी तिघी थांबल्यात, संध्याकाळपर्यंत ठेवते.’ लग्न जवळ आलेलं, नवरीची आई घाई करत होती. पैसे पाठवले. पैसे पाठवताना जे नाव दिसलं ते एका पुरुषाचं होतं, पानावरच्या बाईचं नव्हतं. विचारल्यावर ‘मिस्टरांचं खातं’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या विम्याचे म्हणून आणखी 650 मागितले, ‘परत मिळतील’ असं म्हणून. ते मी दिले नाहीत. न देताही पार्सल आलं, यावरून तो विमा कसला होता ते समजा.

पार्सल उघडलं आणि डांबरगोळीचा वास अख्ख्या खोलीत भरला. मोजे पिवळट तपकिरी, कडेला थोडी लेस. नवरीच्या आईने नाकाशी धरले आणि म्हणाली, “ह्यो वास डांबरगोळयेचो गो, पेटयेचो न्हय.” बोटाने ताणून बघितलं तर कापड सरळ दुप्पट झालं आणि परत जागेवर आलं. कातडं नव्हतंच. चकचकीत सॅटिन, आणि आतल्या शिवणीत कापून टाकलेल्या लेबलाचं बोटभर टोक.

शिवणकाम करणाऱ्या बाईला पुढचं तपासायला कोणाकडे जावं लागत नाही. शिवणीतला एक धागा ओढून चिमट्यात धरला आणि आगपेटीची काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ राख राहते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. हा धागा वितळला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. मग एक मोजा कोमट पाण्यात साबण घालून बुडवला, तर पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि मोजा पांढरा स्वच्छ निघाला. लेस मात्र तपकिरीच राहिली. कारण साधं आहे. चहाचा रंग सुती लेस धरते, पॉलिस्टर धरत नाही. नवीन मोजे चहात बुडवून जुने केले होते.

आता सुरुवातीला म्हटलं त्या तीन शब्दांकडे येते. करडाच्या कातड्याचा मोजा हातावर अगदी चपखल बसावा लागतो. तो थोडा सैलावतो, पण इलॅस्टिकसारखा परत आवळत नाही. म्हणून असे मोजे मापाने विकत. फ्रान्समधलं ग्रेनोबल हे गाव या धंद्याचं मोठं ठिकाण. तिथल्या झाव्हिए जुव्हँ नावाच्या कारागिराने 1834 मध्ये हातांची मापं ठरवून त्याप्रमाणे कातडं कापायची पद्धत बसवली. अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी, जिथे मूठ आवळल्यावर हाडं वर येतात, तिथे टेप फिरवायची. जेवढे इंच, तेवढा मोज्याचा नंबर. सहा, सव्वासहा, साडेसहा, पावणेसात असे पाव-पाव इंचाने नंबर चढत. पाव इंचाचा हिशेब करणारा माल ‘फ्री साइज’ कसा असेल?

कापडी मोजा सगळ्यांना बसतो तो त्यातल्या ताणणाऱ्या धाग्यामुळे. तो धागा, म्हणजे आपण ज्याला लायक्रा म्हणतो तो, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत 1958 मध्ये तयार झाला आणि 1962 च्या सुमारास बाजारात आला. पॉलिस्टरच्या धाग्याचं पेटंटसुद्धा 1941 चं. 1930 च्या मडमेने ते घालायचे कुठून? त्यात दापोलीचं लष्करी ठाणं 1818 नंतर वसलं आणि एकोणिसाव्या शतकातच उठलं. ‘कॅम्प’ हे नाव तेवढं गावाला चिकटून राहिलं.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी कोकणात राहणाऱ्याने एवढं तरी विचारावं की पांढरं कातडं माळ्यावरच्या लोखंडी पेटीत इतके पावसाळे काढून दुधासारखं राहतं का? आमच्याकडे आषाढात दाराशी ठेवलेल्या चपलांना आठवड्यात बुरशी येते. खरोखरच्या जुन्या कातडी मोज्यांवर डाग असतात, घडीवर रेघ पडलेली असते, बोटांची टोकं कडक झालेली असतात, बटणाखाली गंजाचा ठिपका असतो. विकणारा ते डाग स्वतःहून दाखवत असेल तर त्याच्याशी पुढचं बोलावं.

मावसबहिणीची गोष्ट थोडी वेगळी. तिने त्याच पानावरून मनगटापर्यंतचे ‘व्हिंटेज लेदर’ मोजे घेतले होते. दिसायला छान होते, घातलेही. पहिला पावसाळा संपता संपता ते उन्हात सोलवटलेल्या पाठीसारखे सुटायला लागले आणि खालून विणलेलं कापड दिसलं. तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर होता. दमट हवेत तो आतून तुटत जातो आणि पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर होतं. कातड्याला बुरशी येईल, ते कडक होईल, पण त्याचे असे पापुद्रे निघून खालून जाळी दिसणार नाही. घेतानाच मोज्याची कड उलटून बघायची. आतून कातडं रेशारेशांचं, सुएडसारखं दिसतं, पीयूच्या आत विणलेलं कापड दिसतं. अस्तर असेल तर बटणाच्या काजाजवळची कापलेली कड बघायची. वासावर जाऊ नका, कातड्याचा वास बाटलीत मिळतो.

शिवण्यातली आणखी एक खूण सांगते, कारण ती फोटोतही ओळखता येते. चांगल्या मोज्यात दोन बोटांच्या मध्ये चिंचोळ्या पट्ट्या लावलेल्या असतात आणि कित्येकदा बोटांच्या बेचक्यात छोटी कळी, म्हणजे वेगळा जोडलेला तुकडा असतो. अंगठा वेगळा कापून जोडलेला असतो. म्हणून हात मुठीत वळला तरी मोजा ओढला जात नाही. स्वस्त मोज्यात पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे नुसते कडेने शिवलेले असतात. तोही घालायला हरकत नाही, कम्युनियनच्या मुलींना मी तेच देते, पण त्याचे तीन-चारशे द्यायचे, 4,800 नाही. लांबी ‘बटणां’त सांगितली तर गोंधळू नका. एक बटण म्हणजे साधारण एक इंच, अंगठ्याच्या मुळापासून वर मोजायचं. मोज्यावर तितकी बटणं असतातच असं नाही. सोळा बटणांचा मोजा कोपराच्या बराच वर जातो. त्या पानावर सोळा बटणांचा म्हणून लिहिलेला मोजा माझ्या कोपराच्या खालीच थांबला.

पैशांचं पुढे काय झालं? मी तक्रार केल्यावर बाईने भांडण केलं नाही. उलट माफी मागितली आणि एक क्यूआर कोड पाठवला, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच परत जमा होतील.’ इथे सावध राहा. पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी टाकला नाही. मावसबहिणीने टाकला असता, मी तिला वेळेवर फोन केला म्हणून वाचली.

आर्थिक सायबर फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे. (1930 च्या मोज्यांत फसले आणि तक्रारीचा नंबरही 1930, यावर घरात अजून हसतात.) फोन जितका लवकर कराल तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. मी पार्सलची वाट बघत बसले होते, तोवर पैसे पुढच्या खात्यातून निघून गेले होते. तक्रार नोंदवली, बँकेत अर्ज दिला, पैसे आलेले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातून तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि त्या पानावर पत्ता नव्हता. ऑनलाइन विक्री करणाऱ्याने नाव-पत्ता द्यायलाच हवा, असं 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. ज्याने दिला नाही त्याच्याकडून रुमालही घेऊ नये. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, सील दिसेल असा, अगदी कापण्याआधीपासून. आणि तोच फोटो आणखी कुठे आहे का, ते मोबाईलवर फोटो टाकून शोधून बघा. मी नंतर शोधला, तर तोच पांढरा जोड परदेशातल्या एका लिलावाच्या पानावर आधीपासून होता, पेटीशिवाय.

नवरीचे मोजे शेवटी मीच शिवले. हलकं सुती सॅटिन उरेबावर, म्हणजे धाग्यांना तिरकं कापलं म्हणजे लायक्राशिवायही थोडं ताणतं, आणि आपल्या घामाला सुती बरं. बोटांमधल्या पट्ट्या बसवताना डोळ्यांत पाणी आलं, इतकं किचकट काम. तुमच्याकडे क्रोशाचं काम करणारी कोणी असेल तर बारीक दोऱ्याचे जाळीचे मोजे करून घ्या, कोकणच्या हवेला त्याहून चांगलं काही नाही. जुनेच हवे असतील तर मुंबईच्या चोर बाजारात जाऊन हातात घालून बघा. घालताना आधी चार बोटं, मग अंगठा, आणि आत चिमूटभर टाल्कम पावडर. ठेवताना कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले की बुरशी आलीच.

ते पान मधे बंद झालं होतं. आता दुसऱ्या नावाने सुरू आहे, फोटो तेच, पेटीही तीच. फक्त दापोलीची मडम गेली आणि रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यातली राजकन्या आली. किंमत 6,500. मी दुसऱ्या नंबरवरून विचारलं, राजकन्येच्या हाताचं माप किती इंच? ‘फ्री साइज आहे ताई’, असं उत्तर आलं. पुढचा प्रश्न पाठवायच्या आत त्यांनी मला ब्लॉक केलं.